चौदा कॅरेटचा गोफ

अव्हेन्यू रोडवर एका कागदवाल्याच्या माडीवर मुक्त व्यापार मंडळाचं ऑफिस होतं. नाव भारदस्त, पण खोली एक, पंखा एक आणि पगारी माणूसही एकच, चिटणीस रत्नाकर. परवाने, कोटे, नियंत्रणं यांच्याविरुद्ध तो पत्रकं लिहायचा. ती म्हैसूर राज्यातल्या सगळ्या आमदारांकडे जायची, आणि तिथं त्यांत कुठली भजी बांधली जायची ते देवच जाणे. मंडळाचे अध्यक्ष जयसिंगराव कापडाचे बडे व्यापारी. "लिहीत राहा," ते म्हणायचे, "कधीतरी कुणीतरी वाचेल."

त्रेसष्ट सालच्या जानेवारीत सरकारचा हुकूम निघाला : चौदा कॅरेटहून चोख सोन्याचा दागिना घडवायचा नाही. रत्नाकरच्या शेजारी गुंडो पोतदार राहायचा, मूळचा निपाणीकडचा सोनार. तारांचा गोफ विणावा तर त्यानंच, अशी त्याची ख्याती. बावीस कॅरेटच्या मऊ सोन्याची केसासारखी तार ओढणाऱ्या त्या माणसाची शेगडी आठवडाभरात थंड पडली. चौदा कॅरेटचं सोनं कडक आणि रंगानं फिकं, ते हौसेनं अंगावर कोण घालणार? शिमग्यापर्यंत गुंडोची बायको कस्तुराबाई रत्नाकरच्या घरी वाटीभर पीठ मागायला येऊ लागली. नियंत्रणावर त्यानं ढीगभर लिहिलं होतं, पण नियंत्रण असं दारात वाटी घेऊन उभं राहिलेलं तो पहिल्यांदाच पाहत होता.

तेवढ्यात कळलं, की सोनारांची अवस्था पाहायला दिल्लीहून एक मोठे साहेब येणार आहेत आणि मंडळाचं म्हणणंही ऐकणार आहेत. रत्नाकरनं बेत आखला. मंडळानं चौदा कॅरेटचं सोनं आणायचं, गुंडोनं त्याचा गोफ करायचा, आणि तो साहेबांच्या हातात तुटला की काम फत्ते. ‘हे सोनं हातानं घडत नाही’ एवढं त्यांनी अहवालात लिहिलं, तरी गुंडोची शेगडी पुन्हा पेटण्याची आशा होती.

"गुंडोअण्णा, स्वल्प वाईटच करा हं," रत्नाकर हसत म्हणाला. "फार मन लावू नका."

"सरी, सरी, तसंच करू," गुंडो म्हणाला. "त्यात काय मन लावायचंय? तार आपोआप तुटतीया की."

साहेब माडीवर आले. गुंडोही तिथं हजर होता. जयसिंगरावांनी गोफ त्यांच्या पुढ्यात ठेवला. साहेबांनी तो ओढला, पिळला, बोटाभोवती गुंडाळला. गोफाला काही झालं नाही. जयसिंगरावांनी दात-ओठ खाऊन हिसडा दिला, तरी तो जसाच्या तसा.

"उत्तम!" साहेब म्हणाले. "म्हणजे अडचण सोन्याची नाहीच. कसबी माणूस याचंही सोनं करतो." त्यांनी गुंडोची पाठ थोपटली. आणि काय सांगावं, क्षणभर गुंडोचा चेहरा फुलला. किती दिवसांनी त्याच्या कामाला कुणी चांगलं म्हणत होतं.

साहेब गेल्यावर जिन्यातच रत्नाकर कडाडला. "अण्णा, आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतलात! तुटायला हवा होता तो!"

"तुटतच होता की हो," गुंडो कठड्याला धरून म्हणाला. "पहिली तार तुटली, दुसरी तुटली. म्हटलं, अजून एकदा तापवून बघू. तर आली की सरळ. आता आलेली तार कशी तोडायची, तुम्हीच सांगा." खाली मान घालून तो पुढं म्हणाला, "तोडायला गेलतो मी. हात ऐकंना."

रत्नाकरला त्याचा राग आला आणि रडूही आलं.

गोफ मंडळाच्या कपाटात पडला. गुंडो यशवंतपूरपलीकडच्या एका कारखान्यात खोकी ठोकायला आणि उचलायला लागला. दिवाळीच्या सुमाराला जुने दागिने मोडून पहिल्याच कसाचे नवे करायची थोडी सूट मिळाली, पण तोवर गिऱ्हाईक मोठ्या पेढ्यांकडे वळलं होतं. रत्नाकर मात्र पत्रकामागून पत्रकं लिहीत राहिला. गुंडोला तोंड दाखवायचं, तर त्याला दुसरं काही येत नव्हतं.

सहासष्ट साली चौदा कॅरेटची अट उठली. जयसिंगरावांनी माडीवर पेढे वाटले. आपल्या पत्रकांनीच सरकार हललं असं ते ज्याला त्याला सांगत होते. खरं-खोटं कुणी विचारलं नाही. "तो गोफ त्या सोनारालाच देऊन टाका," ते म्हणाले. रत्नाकर पेढे आणि गोफ घेऊन जवळजवळ पळतच घरी आला. वाटेत त्यानं वाक्य जुळवून ठेवलं होतं : अण्णा, पेटवा शेगडी!

गुंडो नुकताच पाळीवरून आला होता. बातमी ऐकून त्यानं मान हलवली, हात धुतले, मग गोफ घेतला. त्याची बोटं जाड झाली होती, घट्टे पडलेली. गोफाच्या टोकांचा फासा त्याला उघडेना. दोनदा निसटला. शेवटी कस्तुराबाईनं तो उघडून दिला.

गोफ खिडकीच्या उजेडात धरून गुंडो बराच वेळ तारांचा जोड शोधत राहिला. जोड सापडला नाही.

"कसा केला असंल हो ह्यानं?" तो रत्नाकरला म्हणाला. "हात चांगला होता बघा त्याचा."