पुसायचं कापड

“अवं, हात नोको लावू! लेबल ओलं हाय अजून!” आमचे हे ओरडले, आणि मी माझ्याच शिवणाच्या खोलीच्या दारात चोरासारखी थबकले.

हातात पिशवी तशीच होती. पांढरकवड्याला बहिणीकडे गेले होते, बसच्या धक्क्यांनी कंबर कामातून गेलेली. घरी जाऊन घोटभर चहा घ्यावा आणि मागच्या गल्लीतल्या अपेक्षाच्या होणाऱ्या बाळाचं दुपटं हातात घ्यावं, एवढंच मनात होतं. इकडे बघते तर खोली ओळखू येईना. भिंतीवरचे खिळे उपटलेले, त्यांची भोकं बुजवलेली, आणि समोर लोखंडी मांडणी. मांडणीवर पारदर्शक प्लास्टिकचे डबे ओळीनं. डब्यांवर ह्यांच्या वळणदार अक्षरात चिठ्ठ्या: लाल. हिरवे. फुलाफुलाचे. काठ. पांढरे सुती.

“पाह्य आता! दुकान वाटते का नाही?” वामनराव कमरेवर हात ठेवून उभे. एसटीच्या डेपोत यांनी सारी उमर स्टोअर सांभाळलं. नट वेगळे, बोल्ट वेगळे, वायसर वेगळे. रिटायर झाल्यापासून हातांना चैन नाही. आधी स्वयंपाकघरातले मसाल्याचे डबे झाले, मग देव्हारा झाला. आता माझी पाळी आली होती, आणि तीही मी गावाला गेल्याची संधी साधून.

“गाठोडे कुठं हायेत?” मी विचारलं.

“सोडले सारे. रंगावारी लावले. तुले आता दोन मिनटात सापडते.”

“सोडले?”

“मंग काय तं! पोतेराच होता नुसता. माणूस आत आलं तं पाय ठेवाले जागा नाही.”

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की पिशवी मी तिथंच आपटली. आतला बहिणीनं दिलेला लोणच्याचा डबा वाजला. वाजू दे म्हटलं.

आमच्या नेरला वाकळ शिवायला देतात ती घरचे जुने कपडे देऊन. सासूचं लुगडं, बापाचं धोतर, लेकीचा तोकडा झालेला फ्रॉक. अंगाला लागून मऊ झालेलं कापडच वाकळीत जातं. आणि एका घरची चिंधी दुसऱ्या घरच्या वाकळीत जात नाही, हा पहिला नेम. म्हणून एका घरचं एक गाठोडं, आणि ते बांधायचंही त्याच घरच्या कपड्यात. पाहणाऱ्याला पसारा दिसत असेल. दिसू द्या! मला त्यात घरं दिसत होती. आता विमलताईच्या सासूचं लुगडं आणि जमनीच्या पोरीचा परकर एकाच डब्यात, का तर दोन्ही लाल.

“आता हे कसं निवडू मी?” मी लाल डबा जमिनीवर उपडा केला. “हे कोणाचं? अन् हे? मलेच समजून नाही राह्यलं!”

“अवं, चिंध्याच तं हायेत.”

“चुलीत घाला तुमचे लेबलं!”

आणि मग मला सत्यशीलाचा तुकडा आठवला. मी ‘पांढरे सुती’चा डबा ओढला. बनियन, रुमाल, कोणाच्या तरी पायजम्याचा पाय. तो तुकडा नव्हता.

सत्यशीला आमच्या मागच्या गल्लीतली. तिचा नवरा ह्यांच्याच डेपोत मेकॅनिक होता, चार वर्षांमागं गेला बिचारा. तिची सासू रुक्माबाई छप्पन्न साली नागपूरला दीक्षा घ्यायला गेली, तेव्हा नवी नवरी होती. धामणगावपर्यंत बैलगाडीनं आणि पुढं रेल्वेनं. त्या दिवशी नेसलेलं पांढरं लुगडं तिनं पुन्हा अंगाला लावलं नाही. घरात मूल जन्माला आलं की त्यातला एक तुकडा कापायचा आणि बाळाच्या दुपट्याच्या मधोमध लावायचा. लेकांना लावला, नातवंडांना लावला. अपेक्षाच्या दुपट्यात मीच माझ्या हातानं लावला होता. रुक्माबाई गेली, लुगडं सरत आलं. आता सत्यशीलाची लेक अपेक्षा बाळंतपणाला माहेरी आली, आणि शेवटचा हातभर तुकडा सत्यशीलानं माझ्या हातात आणून दिला.

“ताई, हा शेवटचा हाय,” ती म्हणाली होती. “पेटीतून काढताना हात धजे ना. पण लेकराचा हक्क हाय त्याच्यावर.”

हे तेव्हा ओट्यावरच होते. पेपर तोंडासमोर धरून.

“सत्यशीलाचा पांढरा तुकडा कुठं ठेवला?” मी विचारलं.

“कोणता?”

“पातळ, जुना. वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलता.”

“हां, थो! अवं, मशीन पाह्य तू आधी.” ते उत्साहानं मशीनकडे गेले आणि चाक फिरवलं. “पाह्य कशी पयते! सारी खोलली, रॉकेलनं धुतली, ऑइल टाकलं. जाम झालती पार.”

मांडणीच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात शेवटचा डबा होता. त्यावर लिहिलं होतं, पुसणी. मी झाकण काढलं. वरच होता तो. काळ्या वंगणानं माखलेला, चुरगळून बोळा केलेला. उलगडून बघितला तर मध्ये एवढं मोठं भोक, सुईच्या दांड्याला अडकून फाटलेलं.

मी खाली बसले. कापड इतकं विरलेलं होतं की साबण लावून चोळण्याचीही सोय नव्हती. हातात राहिलं नसतं.

“कोणाचा होता हा, माहीत होतं का तुमाले?”

ते मशीनचं चाक उगाच फिरवू लागले.

“ओट्यावर होते तुमी. ती सांगे तं कानात बोळे घातलते का?”

“ऐकलतं मी,” ते म्हणाले. “पण ध्यानात नाही राह्यलं. अन् इतकुसा तुकडा, फाटका. त्याच्यात एवढं काय हाय?”

“काय हाय?” मी उठले. डब्यांच्या वर, अगदी वरच्या कप्प्यात, एक प्लास्टिकची पिशवी मला दिसली होती. ती खाली ओढली. आत माझ्या सासूचं हिरवं लुगडं. नीट घडी केलेली, मध्ये डांबराची गोळी, वर चिठ्ठी: आई. “हे काहून नाही घेतलं मशीन पुसाले? हेही जुनंच हाय! हेही फाटकं हाय! आपल्या मायचं लुगडं वर, अन् लोकाच्या मायचं तेलात?”

“आवाज खाली कर. लोकं ऐकतीन.”

“ऐकू द्या!”

थोड्या वेळानं ते माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, “अवं, माह्यं एक जुनं धोतर हाय. तसंच पांढरं. त्याचा लाव तुकडा. कोणाले समजते?”

इतकी वर्षं संसार केला या माणसाशी. भांडले, रुसले, पण किळस कधी आली नव्हती. त्या क्षणी आली, खोटं कशाला बोलू.

“चपला घाला,” मी म्हटलं. “तिच्या घरी जायचं. अन् सांगायचं तुमी. मी नाही.”

“मी? बायायच्या कामात...”

“खोली आवरताना बाईचं काम नाही वाटलं?”

दुपारची वेळ, एप्रिलचं ऊन. गल्ली ओलांडेपर्यंत दोघांचे चेहरे लाल झाले. सत्यशीला दारातच तूर पाखडत बसली होती. आम्हाला बघून ती हसली, सूप बाजूला ठेवलं. “या ताई! भाऊ, तुमी बी? आज कसा काय रस्ता चुकले?”

आत बाजेवर अपेक्षा पाय पसरून बसली होती. आम्ही खुर्च्यांवर बसलो. मी कापड मांडीवर ठेवलं आणि ह्यांच्याकडे बघितलं.

“चुकून झालं,” हे म्हणाले.

“चुकून नाही,” मी म्हटलं. “नीट सांगा.”

मग त्यांनी सांगितलं. खोली आवरली, मशीन धुतली, तुकडा हाताला लागला. ऐकलं होतं पण मनावर घेतलं नाही, हेही सांगितलं. ते सांगताना मान वर केली नाही, एवढं खरं.

सत्यशीलानं तुकडा माझ्या मांडीवरून उचलला. उलगडला. भोकातून तिची बोटं आरपार दिसली.

“काका,” अपेक्षा बाजेवरून उठत म्हणाली, “तुमच्या घरात दुसरं फडकं नोतं का? एकबी नोतं?”

“बस, अपेक्षा,” सत्यशीला म्हणाली. “पोटुशी हायेस, तरास नोको करू.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “बाकीचा कपडा कुठं हाय ताई आमचा?”

काय सांगणार? “मिसळला साऱ्यायच्यात,” मी म्हटलं. “मी निवडते. सारा निवडते, तू काळजी नोको करू. दुपटं मी लगेच...”

“नाही.” ती चिडली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं, मी पाय धरले असते. “तुमच्या हाताले मी काही म्हणत नाही. तुमच्यासारखा टाका नेरात कोणाचा नाही. पण तुमच्या घरात आमचा कपडा आता नाही ठेवत मी. निवडून झाला की सांगजा, मी येऊन घेऊन जाईन. दुपटं घरीच शिवतो आमी, जमंल तसं.”

तुकड्याची तिनं घडी केली. वंगण आतल्या बाजूला जाईल अशी. आणि ती आतल्या खोलीत गेली.

आम्ही बसून राहिलो. पंखा फिरत होता. अपेक्षानं तोंड भिंतीकडे वळवलं होतं. माझा घसा कोरडा पडला होता. ह्यांचाही पडला असावा, कारण त्यांची नजर सारखी कोपऱ्यातल्या माठाकडे जात होती. त्या घरी यांनी कधी पाणी घेतलं नाही. सत्यशीलाच्या नवऱ्याच्या पुण्यानुमोदनाला नाही, अपेक्षाच्या लग्नाला नाही. दर वेळी एकच, “आज उपास हाय.” सत्यशीलाही दर वेळी न चुकता पेला पुढं करायची आणि न चुकता परत न्यायची. आतून पेटीचं झाकण वाजलं. मग काही नाही.

बऱ्याच वेळानं मी उठले. दाराशी चपला घालताना मुद्दाम उशीर लावला. एक चप्पल घातली, काढली, पुन्हा घातली. एरवी मी निघाले की आतून हाक यायचीच, थांबा ताई, च्या टाकला हाय. कितीदा तरी त्या हाकेवर चिडले होते मी, घरी काम पडलंय म्हणून.

गल्लीच्या तोंडाशी आल्यावर हे म्हणाले, “चूक झाली, कबूल. पण एवढ्या उन्हात पाणी तरी विचाराले पाह्यजे होतं.”

“विचारलं असतं तं पेले असते तुमी?”

ते माझ्या पुढं चालू लागले. त्यांना विचारलं नाही, ते बरोबरच झालं. पण तिनं मलाही विचारलं नाही.