दोन कुलपांचं कपाट

मित्रांनो, मी एक जुनं सागवानी कपाट आहे. राळेगावच्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, खिडकीपाशी उभं. माझ्या हकिगतीत ऐकण्यासारखं काही आहे का, याची मलाच खात्री नाही; तरी सांगावंसं वाटतं.

जुन्या प्राचार्यांनी मला हौसेनं करून घेतलं. पेंटरनं माझ्यावर ‘आंतरविद्याशाखीय’ असं नाव लिहिलं. शब्द लांब, म्हणून अर्धा डाव्या दारावर, अर्धा उजव्या. “एका प्रश्नाला दोन विषयांनी मिळून भिडायचं, एवढाच याचा अर्थ,” असं प्राचार्य सांगत. तशीच पुस्तकं त्यांनी माझ्यात ठेवली आणि मला दोन कुलपं लावली. एक किल्ली मराठी विभागाकडे, दुसरी शेती विभागाकडे. उघडायला दोघांनी यावं, त्या निमित्तानं बोलावं, ही त्यांची भाबडी आशा.

सुरुवातीला कौतुक झालं, फोटोही निघाला. प्राचार्य निवृत्त झाले आणि येणं थांबलं. एकाला सवड असली की दुसऱ्याचा तास असे. चर्चासत्रांच्या फलकांवर माझं नाव मोठ्या अक्षरांत झळके. माझ्याकडे मात्र कुणी फिरकत नसे. आत पुस्तकांना कसर लागली.

यंदा सुरभी ही विद्यार्थिनी तिच्या प्रकल्पासाठी आली. कापूस वेचताना बाया जी गाणी म्हणतात, त्यांत आलेले कपाशीचे जुने वाण तिला शोधायचे होते. मराठीचे रामधन सर म्हणाले, वाण शेतीवाल्यांना विचार. शेतीच्या विमलताई मॅडम म्हणाल्या, गाणी मराठीवाल्यांची. विषयच बदल, यावर मात्र दोघांचं एकमत.

सुरभी माझ्यापुढं खुर्ची ओढून बसली. “दोघंबी किल्ली घेऊन येत नाही तवरोक मी उठत नाही!”

शेवटी दोघं आले.

“काहून सर, किल्ली सापडली वाटते?” मॅडम हसल्या.

“मले शोधा नाही लागत. तुमचीच पाहा, गंजली असन!”

दारं करकरत उघडली. सुरभीला हवं ते पुस्तक निघालं. एका गाण्यातल्या बोंडावरून दोघं तिथंच वाद घालू लागले, भांडता भांडता एकाच पानावर वाकले. इतकी माणसं माझ्याजवळ किती वर्षांनी आली होती!

घंटा झाली. सुरभी पुस्तक छातीशी धरून गेली. सवयीनं दोघांनी आपापलं कुलूप लावलं.

मित्रांनो, दारं बंद असली की माझं नाव अखंड वाचता येतं. उघडली की ते मधोमध तुटतं. तुटू द्या ते. मला उघडं ठेवा.