काळं न पडणारं तेल

त्या रविवारी सकाळी भाईंदरच्या जेसल पार्क मैदानात फियाट, मारुती, टेम्पो सगळे बॉनेट उघडून उभे होते. मध्यभागी बाबाजी. अंगात भगवी कफनी, मनगटावर फॉरेनचं घड्याळ.

"देखो भक्तहो! वर्ष झालं, माझ्या गाडीचं तेल बदललं नाही!" त्यानं आपल्या इंजिनातली ऑइल मोजायची पट्टी ओढून पांढऱ्या रुमालावर पुसली. डाग सोनेरी! "काळं तेल म्हणजे गाडीचं पाप. हे अक्षय सिंथेटिक, जर्मनीत तयार, हिमालयात सिद्ध. एकदा ओता, जन्मभर सुखी राहा!"

तेलानं प्रवास बराच केला होता म्हणायचं! लोक टाळ्या पिटत होते. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. माझं डोकंच फिरलं.

गर्दीत जवळच्या उत्तन गावचा डॉमनिक दिसला. आमच्याकडे मासळी तोच आणायचा. त्याच्या बायकोला, नोराला, दम्याचे जबर झटके यायचे. तेव्हा भाईंदरचा दवाखाना गाठायला त्याची जुनी फियाटच आधार.

"डॉमनिक, नको," मी म्हटलं. "सिंथेटिक तेल खरंच असतं. जमिनीतल्या तेलात लहानमोठे रेणू मिसळलेले असतात, सिंथेटिकचे कारखान्यात एकसारखे घडवतात. म्हणून ते उष्णतेत जास्त टिकतं. पण काळं तेही पडतं आणि बदलावं तेही लागतं."

"मॅडम, मासा आमी डोळा बगून घेतो. डोळा साफ तर मासा ताजा. त्याल बी तसाच, रंग साफ तर त्याल चांगला," तो हसून म्हणाला आणि डबा घेऊन गेला.

पुढे कधीही भेटला की सांगायचा, त्याल अजून सोनेरी हाय. नाताळच्या तोंडावर एका दुपारी नोराला झटका आला. तिला दवाखान्यात नेताना डोंगरी गावच्या चढावर फियाटचं इंजिन खडखडलं आणि जाम झालं. रिक्षा मिळेपर्यंत नोरा गेली.

मेकॅनिकनं इंजिन खोललं. वरचं तेल स्वच्छ, तळाशी डांबरासारखा चिखल, आणि तेल ओढणारी जाळी पार बुजलेली. ते ऐकून मी घरी येऊन ढसाढसा रडले.

बाबाजी पुन्हा आला तेव्हा मी तेलाच्या दोन बाटल्या घेऊन गेले. आदल्या दिवशी सोसायटीच्या लोकांसमोर दोन्हींत दिव्याची काजळी घालून हलवल्या होत्या आणि ऑफिसात कुलूपबंद ठेवल्या होत्या.

"हे दुकानातलं चांगलं तेल. काळं झालंय, कारण मळ पोटात धरून ठेवतंय. तेल बदललं की मळही बाहेर जातो. आणि हे बाबाजीचं. वर सोनं, तळाला गाळ. मळ धरणारं रसायनच यात नाही. हलक्या प्रतीचं तेल आहे, सिंथेटिक कसलं! यानंच डॉमनिकची गाडी वाटेत बंद पडली आणि नोरा गेली."

"मग बाबाजीच्या गाडीत गाळ कसा नाही?" कुणीतरी ओरडलं.

बाबाजीचा ड्रायव्हर नाथा मान खाली घालून पुटपुटला, "दर रविवारी पहाटे मी जुनं काढून नवीन भरतो."

बाबाजी गरजला, "त्या बाईच्या नवऱ्याची श्रद्धा कमी पडली!"

डॉमनिक पुढे आला. मला वाटलं, आता हात उगारणार. पण तो एवढंच म्हणाला,

"मी रोज क्रूस करून बॉनेट उगडायचो. माजी श्रद्धा कमी न्हाय पडली, बाबा. नोराचा श्वास कमी पडला."

मैदानातली बॉनेट धडाधड बंद झाली. मग एकेक जण गाडी घेऊन निघून गेला.

माणसांनो, चमत्कार दाखवणाऱ्याला आधी विचारा, हे होतं कसं? उत्तर मिळेपर्यंत हात जोडू नका. चार माणसांत आपण वेडे ठरू, एवढंच होईल. न विचारल्यानं काय होतं, ते डॉमनिकच्या घरी जाऊन बघा.