एका पायाने चालणारी सायकल

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच महिन्यात मिस्त्रीकाकांनी घरातले सगळे नळ, कुलपं आणि काकूंचा मिक्सर उघडून परत जोडला. नळ आणि कुलपं ठीक झाली. मिक्सर मात्र रुसला तो रुसलाच. "अहो, ह्या हातांना बाहेर कुठेतरी जुंपा," काकू हात जोडून म्हणाल्या.

काका जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत आले होते. आता ते वाचनालयामागच्या शेडमध्ये जाऊ लागले. लोकांनी दिलेल्या जुन्या सायकली तिथे नीट करून गरजूंना देत. काम विनामोबदला, वर चहा आपापला. नोंदवही सांभाळायला एक निवृत्त नर्स होत्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणत.

एका सकाळी एक शिवणकाम करणारी बाई आली. चाळिशीची असेल. काखेत कुबडी, खांद्यावर शिवलेल्या कपड्यांचं गाठोडं. डावा पाय गुडघ्याच्या वरूनच नव्हता.

"सायकल कोणासाठी हवीय?" सिस्टरांनी विचारलं.

"माझ्यासाठी."

सिस्टरांनी काकांकडे पाहिलं. काकांनी घसा साफ केला. "ताई, पायडल एका पायाने खाली जाईल हो. वर कोण आणणार?"

"बघू तरी. अकरा वर्षांची होईपर्यंत चालवत होते मी. गल्लीत कुणाला पुढे जाऊ दिलं नाही कधी."

काकांनी एक बुटकी सायकल काढली, सीट खाली घेतली. बाईने भिंतीला हात टेकला, पायडल दाबलं. सायकल दोन हात पुढे गेली, पायडल तळाला जाऊन बसलं आणि बाई भिंतीवर आपटली. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा कोपर सोलवटलं. सिस्टर कापूस घेऊन धावल्या.

आता नाही कसं म्हणावं, ह्याच विचारात काका होते. तेवढ्यात बाई कोपर पुसत म्हणाली, "काका, माझं मशीनही असंच अडतं. एका पायाने चालवते ना मी. पण त्याचं चाक जड आहे. एकदा गती आली की ते पायडल आपोआप वर आणून देतं. ह्याला तसं काही जड नाही का लावता येणार?"

काका जागच्या जागी थांबले. चाळीस वर्षं त्यांनी लिफ्टच्या दुसऱ्या टोकाला लटकणारी वजनं तपासली होती. लिफ्ट वर, वजन खाली. वजन वर, लिफ्ट खाली. आणि हे त्यांना एका शिंपीणबाईने सांगावं!

"सिस्टर, तो शिशाचा तुकडा कुठे ठेवलाय?" ते जवळजवळ ओरडलेच.

डावीकडचं पायडल काढून त्यांनी त्या दांड्याला शिसं आवळलं. जास्त झालं, सायकल डावीकडे ओढू लागली. कापलं. मग कमी पडलं, पायडल निम्म्यावरच रेंगाळलं. पुन्हा थोडं जोडलं. दुपार होत आली. बाई स्टुलावर बसून चाकाकडे टक लावून होती. शेवटी काकांनी मागचं चाक उचलून धरलं. तिने हाताने पायडल खाली दाबून सोडलं. शिसं पलीकडून उतरलं आणि रिकामं पायडल सावकाश, कुणी हात धरून आणावं तसं, वर आलं.



काकांनी कुबडी दांडीला बांधली. बाईने भिंत सोडली. सायकल झोकांडली, सावरली. पाय खाली, शिसं खाली, पाय खाली, शिसं खाली. शेडसमोरच्या पटांगणाला तिने एक फेरी मारली, मग दुसरी. तिचं तोंड अर्धवट उघडं होतं, हसतेय की रडतेय ते कळेना. काकांच्या अंगावर सरसरून काटा आला. दहा-दहा माणसांना वर नेणारी यंत्रं त्यांनी चालू केली होती, पण असं कधी झालं नव्हतं. शिसं त्यांनी लावलं होतं हे खरं. पण तीस वर्षं न विसरलेला तो तोल तिचा होता, आणि त्यापुढे आपण किती लहान, असं त्यांना वाटलं. त्या लहान असण्याचा त्यांना आनंदच झाला.

"गाठोडं द्या!" बाई फाटकाजवळून ओरडली. "गिऱ्हाईक वाट बघतंय!"

सिस्टरांनी धावत जाऊन गाठोडं मागे बांधलं. ती रस्त्याला लागली. वहीत तिची सही घ्यायची राहिली, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

पुढच्या आठवड्यात एक पाय नसलेला सुतार विचारत विचारत शेडवर आला. त्याचं बोलून होईतो काका नवं शिसं आणायला निघालेही होते.