पथ्य सोडणारा

शालिग्रामबाबा गेले, असं धाकट्या दिराने, उखाने, दारातच सांगितलं, तेव्हा सरलाबाई तांदूळ निवडत होती. बाबांचं वाईट वाटायच्या आधी तिने नवऱ्याकडे पाहिलं. खाटेवर बसलेल्या धुडकूचा चेहरा पांढराफटक पडला होता.

बाबा अमळनेराकडचे, कावीळ उतरवणारे. तापीचा मोठा पूर ओसरला त्या वर्षी नवागामात, या कापड कारखान्यांच्या वस्तीत, घरोघर कावीळ झाली, तेव्हा उखाने धुडकूला, आपल्या थोरल्या भावाला, बाबांकडे गावी नेलं होतं. बाबांनी झाडपाला पाजला आणि पथ्य दिलं. तेल नाही, तिखट नाही, हळद नाही, मीठ तर मुळीच नाही. पथ्य देणाऱ्यानेच ते सोडायचं, आपल्या हाताने रोग्याच्या जिभेवर मिठाचा खडा ठेवायचा, अशी तिकडची रीत. दिवाळीत या, सोडतो, असं बाबा म्हणाले होते. कावीळ उतरून गेली आणि आता सोडणारा माणूसच राहिला नाही.

"कावीळ तं उतरनी," सरलाबाई म्हणाली. "आते तुम्हीच सोडी टाका."

"ज्यानी दिधं त्यानीच सोडाले पाह्यजे," धुडकू म्हणाला. "नही तं कावीळ उलटस."

ठेचा-भाकरी खाताना घामाघूम व्हायचा आणि तरी अजून वाढ म्हणायचा, तो हा माणूस. आता अळणी भात आणि मुगाचं पाणी यांवर दिवस काढू लागला. गल्लीतली माणसं म्हणायची, जिभेवर ताबा असावा तर असा. ते त्याला गोड वाटायचं. जन्मभर लूमवर राबलेल्या या माणसाचं याआधी कोणी कशासाठी कौतुक केलं होतं? पोट गुडगुडलं म्हणून त्याने मूग सोडले, खोकला आला म्हणून ताक. दुखणं कुठलंही असो, त्याच्याकडे औषध एकच, आणखी काहीतरी सोडायचं.

कारखान्यातल्या उकाड्यात अंगातून धारा लागायच्या, पोटऱ्यांत गोळे यायचे, डोळ्यांपुढे अंधारी यायची. तुटलेला धागा दिसेना झाला, तेव्हा सेठने त्याच्याकडचे लूम काढून घेतले आणि झाडलोटीला लावलं. सरलाबाईने त्याला ओढतच सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर चिडलेच. कावीळ कधीच गेली, हा माणूस भरल्या घरात उपाशी मरतोय, थोडं थोडं करून सगळं खाऊ घाला, असं त्यांनी बजावलं. धुडकूने मान डोलावली आणि बाहेर येऊन म्हणाला, पथ्य काही डॉक्टरने दिलेलं नाही.

मग सरलाबाईने मनाशी ठरवलं आणि त्याच्या भातात गुपचूप चिमूटभर मीठ घालू लागली. हळूहळू ते वाढवलं, वर तुपाचा थेंबही सोडला. जिभेला कळत नसेल असं कसं होईल? पण तो ताट चाटूनपुसून खायचा. महिन्याभरात गालांवर तजेला आला, चालीत जोर आला. एकदा तर तो कामावरून गुणगुणत घरी आला. ते पाहून त्या भोळ्या बाईला राहवलं नाही. आता याची भीती जाईल, असं वाटून तिने हसत हसत सगळं सांगून टाकलं.

धुडकू ताटावरून उठला, गटारापाशी गेला आणि घशात बोटं घातली. बराच वेळ तो ओकत होता. आत आल्यावर तोंड पुसत एवढंच म्हणाला, "तुना हातनं मी आते नही खाणार."

दुसऱ्या दिवसापासून त्याने आपली वेगळी शेगडी मांडली आणि वेगळं पातेलं. सरलाबाईने पाया पडून पाहिलं, उखाला मध्ये घालून पाहिलं. पातेल्याला तिने हात लावला तरी तो ते घासून काढायचा. तिने संसारभर रांधलं होतं, आणि आता तिचाच हात त्याला विषासारखा वाटत होता. हे तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो कामावर गेला की ती दार लोटून, चोरी केल्यासारखी, चार घास गिळायची.

पुढच्या उन्हाळ्यात एक दिवस चक्कर आली म्हणून तो दुपारीच परतला. सरलाबाईने वांग्याचं भरीत केलं होतं. तिने घाईने त्यावर ताटली उपडी घातली. भिंतीला टेकून तो कसाबसा खाली बसला. मनगटांची नुसती हाडं उरली होती.

"झाकू नको," तो म्हणाला. "आठे मनाजोडे बसीसन खाय."

ती त्याच्याजवळ येऊन बसली आणि तिने भाकरी मोडली. तो तिचा प्रत्येक घास तोंडात जाईपर्यंत पाहत होता. ती गिळायची, तेव्हा त्याचाही कंठ हलायचा.

"मीठ बराबर शे का?" त्याने विचारलं.

तिला कसलीच चव लागत नव्हती. "शे," ती म्हणाली. तो वाट पाहत होता, म्हणून तिने पुढचा घास घेतला.