लिहिलंय तेवढंच

झेन्सव्हिलच्या कम्युनिटी कॉलेजात मेडिकल कोडिंगच्या वर्गात लोरेटा प्रुइट पहिल्या दिवशी शिरली ती नाक मुरडतच. अर्धा जन्म तिने अतिदक्षता विभागात नर्स म्हणून काढला होता. रोगी उचलून उचलून कंबर कामातून गेली, म्हणून हे बसल्या जागचं काम शिकायची पाळी आली. नाहीतर ह्या पोरांच्या पंगतीला कोण बसतंय! एक नखं रंगवणारी, एक पिझ्झा पोचवणारा, आणि शिकवायला टॅनर नावाचं दाढी कोरलेलं पोरगं. त्याने जन्मात कधी रोग्याचं भांडं उचललं नव्हतं, आणि हा म्हणे आजार शिकवणार.

काम काय, तर डॉक्टरने केसपेपरवर लिहिलेल्या दुखण्याचा ठरलेला आकडा जाडजूड पुस्तकातून हुडकून काढायचा, म्हणजे विमा कंपनी पैसे सोडते. बदकाने धडक दिली तर त्यालाही आकडा आहे. त्या बदकावर वर्ग आठवडाभर खिदळत होता. लोरेटाला त्यांची किळस यायची, आणि ती ते लपवायचीही नाही.

पण पास होणं भाग होतं. पास झाली तर घरबसल्या नोकरी, स्वतःची खोली. नाहीतर भावजयीच्या तळघरात दिवस काढायचे. आणि ही भावजय डोरीन तर अशी बया, की कॉफीत घातलेली साखरसुद्धा बोलून दाखवायची.

शेवटच्या परीक्षेला खऱ्या रोग्यांचे केसपेपर होते, नावं खोडलेले. टॅनर शेजारी बसून एकेक तपासत होता. लोरेटापुढे शाळेची बस चालवणाऱ्या एकाचा पेपर आला. शनिवारी दुपारी तो इमर्जन्सीत गेला होता. नर्सने नोंदवलं होतं: घामाने निथळतोय, कळ जबड्यापर्यंत, चेहरा राखेसारखा. खाली डॉक्टरने खरडलं होतं: छातीत दुखतंय, हार्ट अटॅक असू शकतो, सोमवारी आपल्या डॉक्टरला दाखवा. आणि दिला घरी धाडून! लोरेटाने मनातल्या मनात त्या डॉक्टरच्या सात पिढ्या उद्धरल्या आणि सरळ हार्ट अटॅकचा आकडा लिहिला.

टॅनरने त्यावर बोट ठेवलं. म्हणाला, रोगी घरी सोडला असेल तर ‘असू शकतो’ला आकडा नाही. छातीत दुखतंय, एवढाच लावायचा.

“अरे, आंधळ्यालाही दिसेल हा अटॅक आहे ते.”

“तुम्हाला दिसत असेल. पण तुम्ही डॉक्टर नाही, लोरेटा. लिहिलंय तेवढंच. बदला, नाहीतर मला तुम्हाला नापास करावं लागेल.”

पुस्तक त्याच्या टाळक्यात घालावं असं तिला वाटलं. मग डोरीनचं तोंड आठवलं. तिने हार्ट अटॅक खोडला आणि छातीचं दुखणं लिहिलं.

टॅनरने पुढचा पेपर सरकवला. हा सोपा आहे, म्हणाला. वय तेच, धंदा तोच, तारीख रविवारची. रोगी आणतानाच मृत. दुसऱ्याच कुणा डॉक्टरने लिहिलं होतं: कारण समजू शकलं नाही.

“टॅनर, हा तोच रे,” ती म्हणाली.

“असेल. पण आधीच्या भेटीचं इथे बघायचं नसतं.”

त्याचा आवाज जराही बदलला नाही. त्या बसवाल्याचा जीव कशाने गेला हे लोरेटाला ठाऊक होतं. तो पिझ्झावालासुद्धा सांगू शकला असता. पुस्तकात त्यालाही आकडा होता, मृत्यूचं कारण अज्ञात. तो तिने हुडकला आणि स्वच्छ अक्षरात लिहिला.

पैकीच्या पैकी गुण पडले. पोरांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी डोनटचा डबा उघडला. टॅनर म्हणाला, आता जमलं तुम्हाला.

आजवर लोरेटाला त्या वर्गातल्या एकूणएकाची किळस वाटली होती. आता पहिल्यांदा स्वतःची वाटली. पास होताच पुढे आलेल्या नोकरीच्या कागदावर तिने सही मात्र केली.