बोरगावचा जहाजी कंपास

"ताई, कोणी पुसलं तं म्हणजो, हे पाणी पाहाचं यंत्र हाय. बाकी काही सांगू नोको."

मित्रांनो, हे मोरेश्वरचे शब्द. एकोणीसशे शेहेचाळीसच्या उन्हाळ्यात, बोरगावच्या घरी, ज्वारीच्या कोठीत मला खुपसता खुपसता त्यानं ते आपल्या थोरल्या बहिणीला सांगितले. त्या एका वाक्यानं पुढं माझं काय केलं, ते ऐका.

मी एक जुना जहाजी कंपास आहे. तुमच्या पुस्तकात मला होकायंत्र म्हणतात. पितळेची वाटी, वर जाड काच, आत स्पिरिट आणि त्यात तरंगणारी, दिशा लिहिलेली तबकडी. मला मोठ्या जहाजावर नव्हे, जहाजाला टांगलेल्या लहान होडीत बसवलं होतं. जहाज बुडालं तरच त्या होडीचं काम. त्यामुळं माझ्यावर काम पडू नये, अशीच सगळ्यांची प्रार्थना असे.

ती देवानं ऐकली नाही. लढाईच्या दिवसांत एका पहाटे जहाजाला पाणसुरुंग लागला. होडीत अकरा खलाशी उतरले. मोरेश्वर सुकाणूपाशी बसला, मला दोन्ही गुडघ्यांत धरून. कपाशीच्या मुलखातलं पोर ते. समुद्र पाहून दीड वर्षही झालं नव्हतं. सहा दिवस त्यानं माझ्यावरची नजर काढली नाही. किनाऱ्याला सात जण लागले. उरलेल्या चौघांची नावं त्यानं नंतर खिळ्यानं माझ्या झाकणाच्या आतल्या बाजूला कोरली. माझी कड चेपली होती, म्हणून भांडारावरच्या कारकुनानं मला 'निकामी' लिहिलं आणि मोरेश्वरच्या हाती ठेवलं.

पुढं शेहेचाळीसच्या फेब्रुवारीत मुंबई बंदरातल्या खलाशांनी संप केला. जेवण खाववत नव्हतं आणि साहेबांच्या शिव्या ऐकवत नव्हत्या. मोरेश्वर त्या संपात होता. संप मिटला आणि कित्येकांची नोकरी गेली, त्याचीही गेली. एक पत्र्याची पेटी आणि मी, एवढं घेऊन तो गावी आला. पोलीस मागावर आहेत, ही धास्ती त्याच्या मनातून जाईना. म्हणून ते पाण्याच्या यंत्राचं खोटं.

पुढच्याच वर्षी देश स्वतंत्र झाला. आता भिण्याचं कारण नव्हतं. पण मोरेश्वरला कावीळ झाली आणि दिवाळीआधीच तो गेला. दर्यावरचं सारं त्यानं बहिणीला सांगून ठेवलं होतं. फक्त 'आता खरं सांग' एवढं म्हणायचं राहून गेलं.

बहिणीचं नाव जयवंताबाई. लहानपणीच विधवा झालेली, माहेरची शेती सांभाळणारी. हळू बोलायची, नेमानं वागायची. चातुर्मासात दर शनिवारी दिवे लागेपर्यंत तिचं मौन असे, आणि तसंच मौन धरून ती जामसांवलीच्या मारुतीला जाऊन येई.

दोन वर्षांनी तिनं वावरात विहीर काढायचं ठरवलं. शेजारचा कवडू म्हणाला, "बाई, तुमच्या घरी यंत्र हाय म्हणते नं? काढा की बाहेर!" ती नाही म्हणू शकली नाही. तबकडी फिरली, थांबली. ती दाखवील त्या बाजूच्या धुऱ्याशी, म्हणजे बांधाशी, खणलं आणि बावीस हातांवर पाणी लागलं. झालं! लोकांनी माझ्या काचेवर हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडले. त्या धुऱ्यापलीकडं नाला वाहतो आहे, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्या आत दारूची जात आहे हे ठाऊक असल्यामुळं जयवंताबाईनं मला देवघरात कधीच ठेवलं नाही. त्यावर बाया म्हणत, "पाहा व, यंत्राचंही किती सोवळं पाळते!"

मित्रांनो, पूजा होत होती, पण मी मात्र बुजत चाललो होतो. त्या चार नावांत कुंकू भरून ती दिसेनाशी झाली. आणि जयवंताबाई गप्प राहिली. भावाचा शब्द होता, हे खरं. पण लोकांच्या नमस्काराची सवयही लागली होती, तेही खरंच.

मग छप्पन साल आलं. संत्र्याचे व्यापारी भैय्याजी यांनी आपल्या बागेसाठी माझ्या सांगण्यावरून विहीर खणायला घेतली. माझ्या तबकडीनं दाखवलं ते टेकडीच्या पायथ्याचं टोक. चाळीस हात झाले तरी ओल नाही. तळाला खडक, अंगाला भुसभुशीत मुरूम.

दिवाळीआधीच्या शनिवारी त्यांनी जयवंताबाईला बोलावणं पाठवलं. ती मला पदराखाली धरून आली. मौन होतं. सौंसरच्या शाळेतले पुंडलिकराव गुरुजीही यंत्राची कीर्ती ऐकून पाहायला आले होते. त्यांनी वाकून मला न्याहाळलं.

"बाई, हा तर जहाजावरचा कंपास. तुमच्याकडं कसा आला?"

तिनं मान खाली घातली.

तळाशी चिंधू नावाचा खणणारा सुरुंगासाठी पहारीनं भोक पाडत होता. भोक झालं की दारू भरायची. वरून मुरमाचा एक पापुद्रा सुटला आणि त्याच्या खांद्यावर पडला. विहिरीच्या अंगाला, पुरुषभर खाली, बोट जाईल एवढी भेग दिसत होती.

"भेऊन राहिला का रे चिंधू?" भैय्याजी वरून ओरडले.

"भेऊन नाई राहिलो जी. माती बोलून राहिली!"

"मातीचं नोको ऐकू. यंत्राचं ऐक. आजपावतर खोटं निघालं का ते? आणखी पाच हात!"

"पाच हातांनी पाणी लागलं तं पयली बादली जयवंताबाईले," खालून हसण्याचा आवाज आला. पहार पुन्हा वाजू लागली.

जयवंताबाईनं ती भेग पाहिली. तिनं हात वर करून 'वर काढा, वर काढा' अशी खूण केली. भैय्याजींना वाटलं, आशीर्वाद देते. त्यांनी हात जोडले. बाकीच्यांनीही जोडले. आणखी एक पापुद्रा सुटला. तिनं आभाळाकडं पाहिलं. दिवे लागायला तीन तास होते.

"चिंधू, वर ये!"

सगळे दचकले. बारा वर्षांत तिचं मौन मोडलेलं कोणी पाहिलं नव्हतं. चिंधूनं पहार तिथंच टाकली आणि दोराला लटकून सरसर वर आला. "बाई बोलल्या म्हणजे काहीतरी हाय," एवढंच म्हणाला.

विहीर मात्र तशीच उभी. काहीच ढासळलं नाही. भैय्याजींचा चेहरा उतरला, मग तापला. "बाईचा अंदाज चुकला असन. उतर रे खाली."

"नोको उतरू," जयवंताबाई म्हणाली. "हे पाणी दाखवत नाई, भैय्याजी. हे उत्तर दाखवते. कुठंही ठेवा, उत्तरच. माह्या वावराच्या उत्तरेले नाला होता. तुमच्या वावराच्या उत्तरेले टेकडी हाय."

"मंग इतके वर्षं काऊन नाई बोलल्या?"

"भेली होती."

"कोणाले?"

"पयले पोलिसायले. मंग तुमाले."

आणि तिथंच, मुरमाच्या ढिगाऱ्यावर उभी राहून, तिनं सारं सांगितलं. होडी, सहा दिवस, चार गेलेले, संप, माझ्याबद्दलचं खोटं. आवाज इतका हळू, की माणसं पुढं सरकली. कोणी डोळे पुसले. कोणी म्हणालं, "आमचे नारळ खाल्ले अन् आता किस्से सांगते!" चिंधू मात्र पुन्हा खाली उतरला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीची ती बाजू आत बसली. आत फक्त त्याची पहार होती.

त्या शनिवारी गुरुजी तिच्या मागोमाग धुऱ्यापर्यंत आले होते.

"बाई, मोरेश्वरच्या नोकरीचे कागद नागपूरच्या कचेरीत. पाच दिवसांनी राज्यांची नवी वाटणी होईल, नागपूर मुंबई राज्यात जाईल अन् आपण राहू भोपाळच्या राज्यात. मग आपल्या तहसिलीतला एक मुलगा दर्यावर होता, हे इथं सांगणार कोण? दिवाळीनंतर शाळा उघडेल त्या दिवशी या. मुलांना हेच सांगा. कंपास त्यांच्या हातात द्या."

"मी खोटारडी ठरली, गुरुजी. माहं कोण आयकन?"

"खोटं कसं वाढलं, तेही सांगा."

तिनं मला पदराखाली नीट धरलं आणि म्हणाली, "येते. शब्द देते."

भैय्याजी शाळेच्या कमिटीवर होते. त्यांच्या कानावर हे गेलं तेव्हा ते चारचौघांत म्हणाले, "येऊ द्या. पोरायसमोरच पुसतो, आमची विहीर कोण बुजवणार ते." त्या दिवाळीत जयवंताबाईच्या दारी फराळाचं ताट कोणी आणलं नाही. ती जामसांवलीला गेली, मौन मोडल्याचं मारुतीला सांगून आली आणि दोन दिवस एका वेळच्या दुधावर राहिली.

मित्रांनो, एक विनंती करतो. तुमच्या घरी, गावात अशी एखादी जुनी वस्तू असेल, तर तिला कुंकू लावण्याआधी विचारा, तू कोणाच्या हातात होतीस? अंदाजानं उत्तर देऊ नका. ठाऊक असलेलं माणूस शोधा, ते आहे तोवर त्याचं ऐकून घ्या. कागद कचेरीबरोबर दुसऱ्या राज्यात जातात. माझ्यासारख्याला बोलता येत नाही. कोणाला तरी माझ्या वतीनं बोलावं लागतं, आणि ते फार कठीण असतं, हे मी जवळून पाहिलं आहे.

शाळा उघडायच्या दिवशी जयवंताबाई उजाडताच उठली. चिंच आणि राख घेऊन तिनं मला घासलं. झाकणातलं कुंकू सुईनं उकरून काढलं, तेव्हा चार नावं एकेक करून वर आली. तिनं ती हळू आवाजात दोनदा वाचली, पाठ झाली की नाही ते पाहायला. मोटारीच्या थांब्यावर भैय्याजींची माणसं बसलेली असत, म्हणून तिनं मोटारीचा विचार सोडला. मला धुतल्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलं, दाराला कडी घातली आणि संत्र्यांच्या बागांमधल्या पायवाटेनं सौंसरकडं चालू लागली.